पाणपोईच्या दस्तातलं नाव

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, होऊन महिना उलटला तरी मेहकरहून कुणी आलं नाही, आणि धाडच्या गोजरबाईच्या हातांना काम पुरेनासं झालं. एरवीही ही बाई स्वस्थ बसणाऱ्यांतली नव्हतीच. चूल सारवून झाली की ओटा, ओटा झाला की अंगण, आणि अंगण झालं की शेजारणीचं अंगण कसं राहिलंय ते तिला सांगायला जाणं. पण या महिन्यात तिनं कहर केला. त्याच तुरी तीनदा पाखडल्या. चांगली रचलेली उतरंड उतरवून पुन्हा रचली. तिचा नवरा इंद्रभान वांग्या-मिरच्यांच्या मळ्यातून दुपारी भाकरीला यायचा, तर त्याला ताटावर बसवून ही आपली दारात उभी.

"बस आली का गेली?"

"गेली," इंद्रभान घास चावत म्हणायचा.

"कोनी उतरलं?"

"उतरले चार जन. आपलं कोनी नव्हतं."

आपलं म्हणजे गोजरबाईच्या माहेरचं. दर आखाजीला मेहकरहून तिचा थोरला भाऊ शेषराव यायचा आणि तिचा वाटा पोचता करायचा. ज्वारीचं एक पोतं, एक लुगडं आणि एक कोरी मातीची घागर. हा वाटा म्हणजे भावाची माया नव्हे, तो बापानं लिहून ठेवलेला हक्क, असं गोजरबाई गेली वीस-बावीस वर्षं साऱ्या धाडला सांगत आली होती. तिचा बाप भगवंतराव मेहकरचा बरा जमीनवाला. मरायच्या आदल्या वर्षी त्यानं वीस एकर वावर बाजूला काढलं, त्याचा ट्रस्ट केला, आणि त्या उत्पन्नावर चिखलीच्या रस्त्याला वाटसरूंसाठी पाणपोई बांधली. त्याच दस्तात लेकीचा वाटाही लिहिला होता. निदान शेषरावानं तसं सांगितलं होतं.

तो वाटा सुरू कसा झाला ते सांगितल्याशिवाय पुढची गोष्ट कळायची नाही. बाप गेल्यावर दोन वर्षांनी पावसानं दगा दिला. इंद्रभानच्या वावरात पेरलेलंही हाती लागलं नाही. बहिणीच्या घरी दोन वेळची चूल पेटत नाही हे कानावर गेलं, तसा शेषराव बैलगाडीत ज्वारी घालून धाडला आला. इंद्रभान माणूस वाईट नव्हता, पण ताठा असा की सासुरवाडीचा गूळसुद्धा त्याला कडू लागायचा. त्यानं गाडी दारातूनच परत फिरवली. "आमचं पोट सासऱ्याच्या दान्यावर चालत नाई," म्हणाला. शेषरावानं बैल वळवले. गोजरबाई दाराआडून पाहत होती. त्या दिवशी तिला नवऱ्याचा जेवढा राग आला तेवढा पुढे कधी आला नाही, आणि पुढे यायला कारणं कमी नव्हती.

पुढच्या आखाजीला शेषराव पुन्हा आला. या वेळी खिशात कागद आणि शाईची डबी.

"दाजी, हे माह्यं नाई," तो उभ्याउभ्याच म्हणाला. "बाबानं ट्रस्टात लिहून ठेवलं, लेकीचा वाटा दर आखाजीले पोचता करावा म्हनून. मी फक्त पोचवनारा. तुमाले घ्याचं नसल त तसं लिहून द्या. मले सरकारात दाखवा लागन."

इंद्रभानला सरकारचं भय नव्हतं, पण लिहिलेल्या अक्षराचा मोठा मान होता, जसा तो ज्यांना वाचता येत नाही त्यांना असतो. त्यानं कागद हातात घेतला, उलटा धरून पाहिला.

"लिहेल हाये?"

"लिहेल हाये."

"मंग उतरवा पोतं."

गोजरबाईनं पावतीवर अंगठा दिला. तेव्हापासून दर साली तेच. पोतं उतरायचं, डबी उघडायची, अंगठा उठायचा. सासू तोवर "तुह्या बापानं काय देलं?" असं उठता-बसता विचारायची, तिचं तोंड कायमचं बंद झालं. घागरीचंही तसंच. आखाजीला घरच्या पितरांची घागर भरायची रीत; तिच्या शेजारी सासूनं गोजरबाईला बापाच्या नावाची दुसरी घागर मांडू दिली. परक्या पितरांचं पाणी घरात कशाला, असं ती म्हणालीही असती, पण घागर दस्तातून आलेली. कायद्यापुढे सासू काय बोलणार? त्या एका पोत्यानं गोजरबाईला सासरी जी उंची दिली ती दोन लेकी वाढवून आणि मळ्यात राबूनही मिळाली नसती. "माह्या बापानं मले मोजलं," असं ती म्हणायची, आणि म्हणताना मान जराशी वर व्हायची.

नवं राज्य झालं आणि गावोगावी मोठ्या माणसांचे वर्ग निघाले. चाळिशी उलटलेली गोजरबाई पाटी घेऊन मारुतीच्या पारावर जाऊन बसली. मास्तरांनी सगळी मुळाक्षरं शिकवायचा बेत केला होता. हिनं गो, ज, र, बा, ई एवढी पाच अक्षरं घटवली आणि बाकीची आपल्या कामाची नाहीत म्हणून पाटी परत केली. त्या आखाजीला शेषरावानं डबी उघडली तेव्हा तिनं ती बाजूला सारली. "म्या सही करतो," म्हणाली. शेषरावाचा चेहरा एकदम उतरला. त्यानं कागद आपल्याकडे ओढला.

"बाई, तुले वाचता येते?"

"माह्यं नाव येते. बाकी कायले पायजे?"

तेव्हा कुठे त्यानं कागद पुढे केला. दादाला आपलं कौतुक वाटलं, असं गोजरबाईनं मनाशी धरलं आणि त्या दिवशी सही जरा मोठीच केली.

गेल्या भादव्यात शेषराव गेला. गोजरबाई तेराव्यापर्यंत मेहकरला राहिली, रडली, परत आली. आता कारभार भाच्याकडे, उत्तमरावाकडे आला होता. शिकलेला पोरगा, मेहकरला शाळेत मास्तर. आणि त्याच्या कारभाराची ही पहिलीच आखाजी कोरडी गेली.

शेजारची पुष्पाबाई बाजाराच्या दिवशी भाजी घ्यायला आली आणि दोन वांग्यांबरोबर काडी टाकून गेली. "भाच्यानं गिळला असल तुमचा वाटा. आजकालचे पोरं! पन दस्त कोठी जाते? थो कचेरीत बांधून ठेवेल असते. फी भरली का वाचून दाखोतात. आमच्यायनं नाई का बांधाच्या भांडनात काढला?"

गोजरबाईनं वांगी तोलली ती अर्धा शेर जास्तच गेली. त्या दिवसापासून तिच्या डोक्यात एकच घोळू लागलं. तिला उत्तमचा संताप आला होता. मांडीवर खेळवलेलं पोर आत्याच्या तोंडातला घास काढतं म्हणजे काय? पण संतापाच्या तळाशी दुसरंच काहीतरी टोचत होतं, आणि त्याच्याकडे ती बघायला तयार नव्हती. दस्त तिनं कधी पाहिला नव्हता. बाप तिच्याशी उभ्या जन्मात दहा वाक्यं बोलला असेल-नसेल. लग्न लागून निघताना तो बैलांची वेसण तपासत होता. त्या माणसानं मरताना आपली आठवण काढून कागदावर नाव लिहिलं, ह्या एका गोष्टीवर तिनं ते सगळं माफ करून टाकलं होतं.

शेवटी तिनं इंद्रभानला सांगितलं, "मी मेयकरले जातो. दस्त पायतो."

"ज्वारीसाठी?"

"ज्वारी गेली खड्ड्यात. माह्यं नाव पायतो."

इंद्रभाननं पागोटं काढून मांडीवर ठेवलं. "लिहेल हाये त भेटलंच पायजे. आपन काही भीक मांगून नाई राह्यलो. मी येऊ का संगं?"

"नका येऊ. तुमी आले का भांडन होते."

ते खरं असल्यानं त्यानं वाद घातला नाही. मिरच्यांचे आलेले पैसे तिच्या हातावर ठेवले आणि मळ्यात निघून गेला.

धाडहून बुलढाणा, बुलढाण्याहून चिखली, चिखलीहून मेहकर. ज्येष्ठाचं ऊन, बसचा पत्रा तापलेला, आणि गोजरबाई खिडकीशी बसून पदराचं टोक पिळत होती. वाटेत एका बाईनं विचारलं, "माहेरी चालल्या का?" तर ही म्हणाली, "कचेरीत." मेहकर जवळ आलं, बस पाणपोईपाशी थांबली. छपराखाली ओळीनं रांजण, त्यांना ओलं फडकं गुंडाळलेलं, आणि म्हातारी तानाबाई ओगराळ्यानं वाटसरूंच्या ओंजळीत पाणी घालत बसलेली. लहानपणी याच तानाबाईनं गोजरबाईची वेणी घातली होती. घसा वाळून गेला होता, पण पाणी प्यायला उतरलं की ओळख निघणार, ओळख निघाली की घरी निरोप जाणार. गोजरबाई पदर पुढे ओढून बसली, आणि गावात उतरली ती जन्मात पहिल्यांदा माहेराकडे पाठ करून कचेरीकडे चालू लागली.

कचेरीच्या आवारात लिंबाखाली पेटी मांडून नारायणराव नावाचे अर्जनवीस बसले होते. लोकांचे अर्ज लिहून देणं हा त्यांचा धंदा, आणि लोकांच्या घरची दुःखं अर्ध्यातच ओळखणं ही सवय. गोजरबाईनं बापाचं नाव सांगितलं, पाणपोई सांगितली. त्यांनी मान हलवली.

"बाई, पन तुमचा भाचा तर गावातच हाये. त्यालेच काऊन नाई पुसत?"

"तुमी अर्ज लिहा," गोजरबाई म्हणाली.

त्यांनी लिहिला. फी भरली. मग बसायचं होतं. लोक बसतात, विडी ओढतात, डुलकी घेतात. गोजरबाईला ते जमेना. ती कचेरीच्या पायरीपासून लिंबापर्यंत आणि लिंबापासून पायरीपर्यंत येरझारा घालत राहिली. शिपायानं दोनदा हटकलं. तिसऱ्यांदा तीच त्याला म्हणाली, "तुह्यं काही सांडलं का बाप्पा माह्या चालन्यानं?"

दुपार कलल्यावर आत बोलावणं आलं. टेबलावर एक जाडजूड बांधणीचं बुक उघडलेलं होतं. कारकून चष्मा पुसत म्हणाला, "नशीब समजा, दस्त बाळबोधीत आहे. मोडीत असता तर आज वाचणारा रजेवर आहे." आणि त्यानं एकसुरी आवाजात वाचायला घेतलं. नारायणराव शेजारी उभे राहून अवघड जागी सोपं करून सांगत होते.

वावराच्या चतुःसीमा आल्या. पाणपोईचं छप्पर आलं, रांजण किती ते आलं, पाडवा ते मृग पाणी चालू ठेवायचं ते आलं. रांजण भरणाऱ्या पखालीच्या रेड्यासाठी गोठा आला. 'पाणी पाजण्यास तानाबाई हीस ठेवावे व ती हयात असेतो तीस वर्षास दोन पोती ज्वारी द्यावी' असंही आलं. गोजरबाईनं मान डोलावली. तानाबाई आली म्हणजे आता आपण येणार. कारभार थोरला मुलगा शेषराव यानं पाहावा, त्याच्यामागे त्याच्या मुलानं, हे आलं. मग कारकुनानं पान उलटलं, आणि वाचला तो मजकूर असा:

'मला मुलगी एक असून तिचे लग्न यथाविधी करून दिले आहे. ती आपले घरी सुखी आहे. तिचा सदर मिळकतीवर अगर उत्पन्नावर कोणत्याही प्रकारचा हक्क नाही व पुढेही राहणार नाही.'

पुढे सह्या आणि साक्षीदार होते. कारकुनानं बुक मिटायला हात घातला.

"पुन्हा वाचा," गोजरबाई म्हणाली.

त्यानं पुन्हा वाचलं. नारायणरावांनी सोपं करून सांगायचं टाळलं. सोपं करण्यासारखं त्यात काही नव्हतं.

"मुलगी म्हन्ते. तिचं नाव?"

"नाव नाही लिहिलेलं. नुसतं मुलगी आहे."

"तानाबाईचं हाये."

"हो, तिचं आहे."

"द्या इकडं," गोजरबाई म्हणाली, आणि कुणी नको म्हणायच्या आत तिनं बुक आपल्याकडे फिरवलं. कारकून काही बोलणार होता, नारायणरावांनी त्याला डोळ्यानं थांबवलं. पहिल्या पानाच्या पहिल्या ओळीवर बोट ठेवून ती निघाली. तिला पाच अक्षरं येत होती आणि ती पाच एका रांगेत कुठे बसली आहेत का, एवढंच पाहायचं होतं. र पुष्कळ होते. बा होते, बाबत, बांध, तानाबाई. चौथ्या पानावर गो दिसला आणि तिनं बोट दाबून धरलं, पण पुढे ज नव्हता. तो रेड्याचा गोठा होता. सातव्या पानाच्या शेवटच्या सहीपर्यंत बोट गेलं आणि थांबलं. रेड्याच्या गोठ्याला दस्तात जागा होती.

बाहेर आल्यावर नारायणराव हळूच म्हणाले, "बाई, कोनीतरी तुमाले इतके वर्सं फशिवलं."

"माह्या भावानं," गोजरबाई म्हणाली, आणि तरातरा माहेराच्या वाटेला लागली.

वाटेभर तिचं मेलेल्या भावाशी भांडण चाललं होतं. दादा, काय गरज होती तुले? वीस वर्सं मी गावभर बोंबलत फिरली, माह्या बापानं लिहिलं, माह्या बापानं मोजलं. सासूले तोंडावर सांगतलं. लेकींच्या सासरी सांगतलं. आता कोनत्या तोंडानं घरी जाऊ? तिला बापाचा राग येत नव्हता, हे तिचं तिलाच नवल वाटलं. बाप जसा होता तसाच दस्तात निघाला होता. राग येत होता तो दादाचा, कारण त्यानं बापाला बरा करून दाखवला होता.

दारात भावजय मंजुळाबाई दिसली. वर्षभरात तिची पार रया गेली होती. नणंदेला अवेळी, एकटी, घामाघूम पाहून तिनं आधी पाण्याचा तांब्या आणला. गोजरबाईनं तो खाली ठेवला. उत्तमराव शाळेच्या सुटीत घरीच होता, तो बाहेर आला आणि पाया पडला. तिनं त्याला आशीर्वादही दिला नाही.

"उत्तम, कचेरीतून येऊन राह्यली मी. दस्त पायला."

उत्तमराव खाली बघू लागला. "आत्याबाई, म्याही पायला. बाबा गेल्यावर सारे कागद काढले. वाट्याचं लहानपनापासून आयकलं होतं, म्हनून तेच आधी शोधलं. तुमच्या नावानं काहीच नव्हतं. मंग ट्रस्टातून कसं आनू? आन तुमाले येऊन हे कसं सांगू? दोनदा बसस्टँडवर जाऊन परत आलो."

पोरगा खोटं बोलत नव्हता. त्याचे कान लाल झाले होते. लहानपणी गूळ चोरला की असेच व्हायचे. गोजरबाईचा त्याच्यावरचा राग तिथल्या तिथे विरला, आणि मग ज्याच्यावर राग काढावा असं समोर कुणी उरलं नाही.

"वैनी," ती म्हणाली, "मंग थे पोतं कोठचं? लुगडं कोठचं?"

मंजुळाबाई भिंतीला टेकून बसली. "पोतं चिंचेखालच्या वावरातलं. आमच्या खान्याच्या ज्वारीतलं. लुगडं बाजारातलं. दोन घेत, चांगलं असल थे तुमाले. खोटं कायले बोलू बाई, मले राग ये. दोन-तीनदा भांडलीबी मी."

"आन घागर?"

"थे कुंभाराची. पानपोईसाठी गाडीभर घागरी येत, त्यातली एक नेली असती त कोनाले कळलं असतं? पन नाई. ट्रस्टाची घागर घरच्या मानसाले नाई द्याची म्हनत. त्याचे येगळे पैसे देत कुंभाराले."

"अवं मंग मले सांगाचं होतं ना," गोजरबाईचा आवाज चढला. "भाऊ देते म्हनून सांगाचं होतं."

"भाऊ म्हनून आनली होती ना गाडी एकदा. काय झालं तिचं?"

गोजरबाई तिच्यासमोर खाली बसली.

"परत आले त दोन दिवस जेवले नाई," मंजुळाबाई म्हणाली. "मंग एक दिवस म्हने, माह्या बहिनीच्या घरी ज्वारी जायाले कागद लागते, त म्या कागद करतो. मी म्हनलं, खोटा कागद? त म्हने, खोटा नाई. बाबानं लिहाले पायजे होतं थे राह्यलं, थे मी लिहितो. मरताना मले सांगून गेले, बाईले सांगजो नको. पन थे गेल्यावर मले हे पुढं चालवनं नाई झालं बाई. कोनाच्या तोंडानं पोतं पाठवू?"

ती उठली, आत गेली, आणि लाल रुमालात बांधलेलं एक गाठोडं घेऊन आली. "हे तुमचंच हाये. घेऊन जा."

गाठोड्यात पावत्या होत्या. आखाजीच्या आखाजीला एक, वरचेवर रचलेल्या, जुन्या पिवळ्या पडलेल्या. त्या कुठल्या कचेरीत जायच्या नव्हत्या, कुणी तपासायच्या नव्हत्या. तरी शेषरावानं एकही टाकली नव्हती. गोजरबाईनं वरचा कागद उचलला. खाली तिची ती मोठी केलेली सही होती. आणि अगदी वर, जिथे सही करताना तिनं कधी पाहिलंच नव्हतं, पहिल्याच जागी, दादाच्या ठसठशीत अक्षरात, गो होता. त्याच्यापुढे ज होता. तिनं बोट ठेवलं. र, बा, ई. तिनं दुसरा कागद घेतला. तिथेही पहिल्या जागी तेच. तिसरा, चौथा. अंगठ्यांच्या कागदांवरही, ज्या वर्षी तिला एक अक्षर येत नव्हतं त्या वर्षीसुद्धा, पहिला शब्द तिचाच होता.

"पुढं काय लिहेल हाये?" तिनं उत्तमरावाला विचारलं.

त्यानं वाचून दाखवलं. "गोजरबाई भगवंतराव हीस तिचा वाटा पोचता केला. सगळ्यांवर हेच हाये आत्याबाई."

नवऱ्याचं नाव नव्हतं, बापाचं होतं. गोजरबाई पदर तोंडात कोंबून रडली. मंजुळाबाई तिच्या पाठीवर हात ठेवून बसली, आणि तीही रडली. तिच्या रडण्यात तिची स्वतःची लुगडीही होती, आणि गोजरबाईला ते कळलं. बऱ्याच वेळानं तांब्या उचलून ती पाणी प्यायली.

निघताना उत्तमराव म्हणाला, "आत्याबाई, पुढच्या आखाजीले मी घेऊन येतो. बाबासारखंच."

"काही गरज नाई," गोजरबाई म्हणाली. "तुह्या आईले चांगलं लुगडं घे. दोन घे."

धाडला ती दुसऱ्या दिवशी पोचली. इंद्रभान मळ्यातून लवकर येऊन ओट्यावर बसला होता. उभ्या संसारात तो तिची वाट पाहत बसल्याचं तिला आठवत नव्हतं.

"पायलं?"

"पायलं."

"होतं नाव?"

गोजरबाईनं काखेतलं गाठोडं सावरलं. ह्या ताठ माणसानं बावीस वर्षं कुणाच्या घरची ज्वारी खाल्ली, हे एका वाक्यात सांगता आलं असतं. त्यानं एकदा परत फिरवलेल्या गाडीचा हिशेब तिथेच चुकता झाला असता. ते वाक्य तिच्या ओठापर्यंत आलंही होतं.

"होतं," ती म्हणाली. "माह्या डोयानं वाचलं. पयल्या जागी होतं."

"आन वाटा?"

"थो दादा हाये तवरच होता. दादा गेले, संपला."

इंद्रभाननं मान हलवली. "तसं लिहेल असल त मंग काय बोलाचं," म्हणाला आणि पागोटं बांधू लागला. लाल रुमालातलं गाठोडं तिनं तुरीच्या कणगीत, तळाशी ठेवलं.

पुढच्या आखाजीला गोजरबाईनं धाडच्या बाजारातून स्वतः दोन घागरी आणल्या. घरच्या पितरांची भरली. मग दुसरी मांडली, तिच्यावर खरबूज ठेवलं, कुंकवाचं बोट लावलं आणि पाणी ओतताना म्हणाली, "शेषरावदादा."

शेजारी पाटावर बसलेला इंद्रभान चमकला. "आन तुह्या बाबाची?"

"बाबाले पानपोई हाये," गोजरबाई म्हणाली. "त्यायले पानी कमी नाई."